बंब आणि बाटला

तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं आणि समोरच्या भिंतीवर तिला लाल बाटला दिसला. आगीचा बाटला कुठल्याही भिंतीवर असला तरी तिची नजर आधी तिथेच जायची. लोक नव्या घरात गेले की पडदे बघतात, ही बाटला बघायची. आज बघायला नको होता. धंद्यातली अडवणूक तपासणाऱ्या स्पर्धा आयोगाच्या कचेरीत अकराला तिची सुनावणी होती, पिशवीत अर्जाच्या चार प्रती होत्या, आणि इथे बाटल्याच्या मानेला नगरपालिकेच्या फायर ब्रिगेडच्या भरणा केंद्राची पिवळी चिठ्ठी लटकत होती. खाली सही तिच्या धाकट्या भावाची. म्हणजे ज्या केंद्राविरुद्ध ती तक्रार घेऊन आली होती, त्याच केंद्राने तक्रार ऐकणाऱ्यांचे बाटले भरून दिले होते. वा रे वा, असं ती मनात म्हणाली आणि जवळ गेली. चिठ्ठीच्या वर कापलेल्या तारेचा एक तुकडा होता. दोनदा पीळ आणि टोक आत वळवलेलं, कुणाच्या हाताला लागू नये म्हणून. ही तिची वळवण्याची रीत होती; म्हणजे तिची चिठ्ठी कुणीतरी कापून टाकली होती. या धंद्यात दुसऱ्याची चिठ्ठी कापत नाहीत. आपली चिठ्ठी तिच्यावर बांधायची, खालची राहू द्यायची. बाटला कुणाकुणाच्या हातून गेला ते पुढच्याला कळलं पाहिजे. हे कुठे लिहिलेलं नाही, पण पन्नास वर्षं सगळे पाळत आले होते. तिच्या डोक्यात तिडीक गेली. तिने बाटला हुकावरून सरळ खाली काढला. दाराशी बसलेला पहारेकरी म्हणाला, "बाई, त्याला हात लावू नका." "त्याला हात लावणं हेच माझं काम आहे," असं म्हणून तिने बाटला उलटा केला, कानाशी धरला आणि बुडावर मुठीने दोनदा ठोकलं. आतली पावडर सुर्र करत खाली आली. कुठे अडकली नाही, गोळा नाही. काटा हिरव्यात, पिन सरळ, नळी स्वच्छ. काम चांगलं झालं होतं. वाईट झालं असतं तर तिला बरं वाटलं असतं. तिने बाटला जागेवर टांगला आणि बाकावर जाऊन बसली.

चांगलं होणारच होतं काम. शिकवलं कुणी? वडिलांनी दोघांना एकाच बाकावर बसवून शिकवलं होतं. दुकान म्हणजे एक लांबट खोली, पावडरीची पिंपं, भिंतीला साखळीने बांधलेलं गॅसचं उंच नळकांडं आणि कोपऱ्यात बाटल्याची ताकद तपासायचा हातपंप. पावडर सगळीकडे असायची. पापण्यांवर, डब्यातल्या भाजीवर, वह्यांच्या पानांत. वडील बाटला उलटा करून आधी तिच्या कानाला लावत, मग धाकट्याच्या, आणि विचारत, "जागा आहे की झोपलाय?" पावडर आत दगडासारखी बसली की तो झोपलेला बाटला. तिला दरवेळी बरोबर यायचं, धाकट्याला कधी कधी. पण बरोबर आलं की त्याचं कौतुक व्हायचं आणि तिचं गृहीत धरलं जायचं. विसाव्या वर्षी तो ब्रिगेडमध्ये भरती झाला आणि घराची दिशाच बदलली. तो ड्यूटीवरून आला की खुर्ची मोकळी व्हायची. आई म्हणायची, "हळू बोला, तो रात्रपाळी करून आलाय." तीही दिवसभर बाटले उचलून आलेली असायची, तिच्यासाठी कुणी आवाज हळू केला नाही. दुकान तिने सांभाळलं, लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे गेली तरी सकाळी आठला कुलूप तीच काढायची. या कामाला सगळे "मदत करते" म्हणायचे. वडील गेल्यावरसुद्धा पाच-सहा वर्षं लोक विचारत, "मालक कुठे आहेत?"

आणि तरी त्याचा द्वेष करता येत नव्हता, हीच तर गोची होती. तो खरोखरच तसा होता. स्वतःच्या लग्नाच्या दिवशी, जेवणं चाललेली असताना रस्त्यावरून बंब गेला, तसा हा ताटावरून उठला आणि नव्या कपड्यांनिशी मागे धावला. दोन तासांनी परत आला तो भुवया जळालेल्या, आणि नवरीला म्हणाला, "सॉरी, जवळच होतं." सगळे हसले होते. ती सगळ्यांत जास्त हसली होती, आणि त्याच्या मनगटाला मलम तिनेच लावलं होतं. मग एका जळत्या गोदामाच्या जिन्यावरून उतरताना त्याचा गुडघा गेला. बंबावर चढणं बंद झालं. सहा महिने घरात पडून होता, दाढी वाढलेली, टीव्ही चालू आणि नजर छताला. तेव्हा नगरपालिकेने भरणा केंद्र काढलं आणि प्रमुख म्हणून त्याला बसवलं. आईने तिला फोन करून सांगितलं तेव्हा तिला आनंद झाला होता. अगदी खरा आनंद. त्याने दुकानातला हातपंप मागितला, म्हणाला, नवीन येईपर्यंत दे, सरकारी काम आहे. तिने स्वतः कापडात गुंडाळून दिला. आता आठवलं की अंगाचा तिळपापड व्हायचा. स्वतःच्या हाताने, गाठ मारून दिला होता.

ब्रिगेडच्या कचेरीतल्या खिडक्यांपैकी दोन केंद्राकडे होत्या. चौथी खिडकी दाखल्याची: इमारतीतले बाटले ठीक आहेत, असा वर्षाचा दाखला ब्रिगेडने दिल्याशिवाय कुणाला शाळा, छापखाना, हॉटेल चालवता येत नाही. पाचवी खिडकी बाटले भरून देण्याची. दोन्ही खिडक्यांमागे कारकून एकच. चाकाच्या खुर्चीवर बसून तो पायाने जमीन ढकलायचा आणि चौथीवरून पाचवीवर घरंगळत जायचा. तिचं गिऱ्हाईक चौथीवर गेलं की तो तिची चिठ्ठी उजेडाकडे धरायचा आणि म्हणायचा, "अक्षर लागत नाही." तिचं अक्षर. शाळेत फळा लिहायला तिला बोलवायचे. "केंद्रातून भरून घ्या, दाखला आजच्या आज मिळेल," असं म्हणायचा, आणि ढकलली खुर्ची, की हा पाचवीवर हजर. एकदा ती स्वतः जाऊन उभी राहिली तेव्हा त्याने तिच्याकडे न बघताच सांगितलं, "बाई, असले घरगुती बाटले आम्ही धरत नाही." घरगुती. मागे रांगेत सात-आठ लोक होते आणि त्यातला एक फिस्सकन हसला. गिऱ्हाइकं एकेक करून गेली. शाळेचे मुख्याध्यापक शरमल्यासारखे म्हणाले, "तुमच्या कामाबद्दल काही नाही हो, पण दाखला वेळेवर लागतो." आज चार गिऱ्हाइकं उरली होती आणि दोन कामगार, त्यातला एक वडिलांच्या वेळचा. आज अर्ज फेटाळला गेला तर महिनाअखेर दुकानाला कुलूप, हे तिने दोघांनाही सांगून टाकलं होतं. भावाला ती घरी जाऊन विचारून आली होती. तो म्हणाला, "वरून आदेश आहे, ताई. लोकांची सोय होते, एका ठिकाणी सगळं." "आणि माझं काय?" तर म्हणाला, "तुझं मी बघतो ना. केंद्रात ये, सुपरवायझर म्हणून घेतो तुला." हे त्याने इतक्या मायेने म्हटलं की क्षणभर तिला कळलंच नाही आपल्याला काय म्हटलं गेलंय. कळलं ते जिना उतरताना. त्या रात्री तिने अर्ज लिहायला घेतला. चौदा पानं झाली.

सुनावणीची खोली लहान निघाली. लांब टेबल, पाण्याच्या तीन बाटल्या, आणि मधे अध्यक्षबाई, पांढरे केस कापलेल्या, बारीक आवाजाच्या. उजवीकडे नगरपालिकेचा वकील, गुळगुळीत. त्याच्या शेजारी धाकटा, गणवेशात. गणवेश कशाला घातला होता? बाटले भरायला गणवेश लागतो? तो तिच्याकडे बघून किंचित हसला, घरी हसतो तसा, आणि तिने पानं चाळायला सुरुवात केली. वकील उठला. त्याचं म्हणणं अगदी सोपं होतं. आग विझवणं हे राज्याचं कर्तव्य आहे, व्यवसाय नव्हे. बंब, शिडी, दाखला, बाटला ही एकच साखळी, तिची एक कडी वेगळी काढता येत नाही. स्पर्धेचा कायदा धंदा करणाऱ्यांना लागतो. नगरपालिका धंदा करत नाही, सेवा करते, नफा तर तिला ठाऊकच नाही. "आणि अर्जदार बाईंचा रोष," तो जरासा हसून म्हणाला, "हा मुळात कौटुंबिक दिसतो." धाकट्याने मान खाली घातली. त्याने निदान काहीतरी म्हणायला हवं होतं. नाही, साहेब, तसं नाही, एवढं तरी. तो गुडघा चोळत बसला.

अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला आणि तिच्याकडे वळल्या. "तुमचा अर्ज मी दोनदा वाचला. चौदा पानांतली अकरा चौथ्या खिडकीवर आहेत. दाखला कसा अडवला, कारकून काय बोलला, रांगेत कोण हसलं."

"हो. तेच तर झालं."

"झालं असेल. पण दाखला देणं किंवा नाकारणं हा सरकारी अधिकार आहे. तो चुकीचा वापरला असेल तर दाद मागायची जागा वेगळी. आमचा कायदा तिथे पोचत नाही. पाचव्या खिडकीवर तुम्ही अर्धं पान लिहिलंय."

तिला कुणीतरी थोबाडीत मारावी तसं झालं. खरंच होतं. पाचव्या खिडकीवर लिहिण्यासारखं काय होतं? तिथे बाटले भरायचे, तेही चांगले. अपमान झाला तो चौथीवर. राग जिथे आला तिथलं लिहीत गेली, पान उलटून पान, आणि दुकान बुडालं कुठून ते अर्ध्या पानात उरकलं. बारा वर्षांची असताना शिक्षकांनी सांगितलं होतं, तू प्रश्न सोडून रागाचं उत्तर लिहितेस. मग बाकीच्यांनी काय केलं असतं? ज्यांना राग येत नाही त्यांचे अर्ज नीट होतात, आणि ज्यांना राग येत नाही ते अर्ज करतातच कशाला?

"कायदा एवढंच विचारतो," अध्यक्षबाई म्हणत होत्या, आणि आवाजात कंटाळा नव्हता, ही त्यातल्या त्यात मेहेरबानी, "संस्था कोण आहे हे नाही. ती त्या वेळी काय करते आहे हे. तोच माणूस सकाळी अधिकारी असेल आणि दुपारी दुकानदार. बाटला भरून देणं हे यांचं कर्तव्य आहे की धंदा, एवढं मला दाखवा. दाखवता नाही आलं, तर अर्ज आज इथेच संपतो. केंद्रप्रमुख समोर आहेत. विचारायचं असेल तर विचारा."

तिच्याजवळ कागदावर लिहून आणलेले सतरा प्रश्न होते. तिने ते वरून खाली वाचले. कारकुनाला खुर्चीची चाकं कुणी लावून दिली. माझी चिठ्ठी कोण कापतं. मला घरगुती म्हणायला कुणी शिकवलं. एकही कामाचा नव्हता. सगळे चौथ्या खिडकीचे. तिने कागद पालथा ठेवला आणि मान वर करून भावाकडे बघितलं. कानामागे केस पिकले होते. वकिलाने त्याला काय पढवलं असणार ते तिला दिसत होतं: परिस्थितीनुसार, नियमानुसार, जनहितार्थ. नफ्याचं विचारलं तर तो तेच म्हणेल. दराचं, गिऱ्हाइकांचं, चिठ्ठ्यांचं, कशाचंही विचारलं तरी तेच, कारण बाटल्यांबद्दल त्याला आतून काही वाटत नव्हतं, कधीच वाटलं नव्हतं, वडिलांच्या बाकावरसुद्धा त्याचं लक्ष रस्त्याकडे असायचं. बाटल्याबद्दल तो खोटं बोलू शकत होता. आणि मग तिला कळलं की तो कशाबद्दल बोलू शकणार नाही. हे सुचलं तेव्हा बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. हे बघ, तिने स्वतःला बजावलं, दोन कामगार आहेत. वडिलांचं दुकान आहे. तुला कुणी खुर्ची मोकळी करून दिली होती का?

"तू," तिने सुरुवात केली.

"साक्षीदाराला तुम्ही म्हणा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "इथे नातं नको."

"तुमच्या केंद्रात एक दुकानदार येतो," ती म्हणाली. स्वतःच्या तोंडून त्याला तुम्ही ऐकताना जीभ जड झाली. "त्याचा बाटला रिकामा आहे. म्हणतो, आज माझ्याजवळ द्यायला काही नाही. त्याला भरून देता?"

धाकट्याने वकिलाकडे पाहिलं. वकिलाने खांदे हलवले. "नाही. शुल्क भरल्यावरच भरतो. नियम आहे."

"मग त्याला काय सांगता?"

"उद्या या म्हणतो."

"किंवा माझ्याकडे जा."

"किंवा दुसरीकडे जा. त्याची मर्जी."

"बरं. तो तसाच परत गेला. दुपारी त्याच दुकानाला आग लागली. ब्रिगेडला फोन आला. फोन घेणाऱ्याला माहीत आहे, हा तोच, सकाळचा, काही न देणारा. त्याला काय विचारता?"

वकील उठला. "याचा इथे काय संबंध?" अध्यक्षबाईंनी हात वर केला आणि तो बसला. धाकट्याच्या कपाळावर आठी पडली होती. तो दुखावल्यासारखा दिसत होता. घरच्या माणसाने असला प्रश्न विचारावा, याचंच त्याला वाईट वाटलं असावं.

"काय विचारणार?" तो म्हणाला. "पत्ता विचारतो."

"आणि?"

"आणि निघतो."

निघतो, म्हणाला. तीन वर्षं तो बंबावर चढला नव्हता, जिना चढताना कठड्याला धरायचा, आणि म्हणाला निघतो. अध्यक्षबाई लिहीत होत्या. मग वकिलाने हातातलं पेन टेबलावर ठेवलं आणि त्या आवाजाने धाकट्याला कळलं. तिने त्याला कळताना बघितलं. आधी वकिलाकडे, मग अध्यक्षबाईंच्या हाताकडे, मग तिच्याकडे. तिने नजर हलवली नाही. एवढं तरी आपण केलंच पाहिजे, असं तिला वाटलं.

निकाल असा काही मोठा नव्हता. चौथ्या खिडकीवर आजवर दाखले का अडवले, याबद्दल आयोग काही बोलणार नाही. आग विझवणं हे कर्तव्य. ते कुणाला नाकारता येत नाही आणि त्याची किंमत विचारता येत नाही. बाटला भरणं हे मोबदल्यावर चालणारं काम आहे, ते नाकारता येतं, दुसराही कुणी ते करू शकतो आणि बाजारात करतो आहे. तेवढ्यापुरती नगरपालिका धंदा करते, आणि तेवढ्यापुरता हा कायदा तिला लागू आहे. अर्ज दाखल. चौकशी होईल. तोवर पाचव्या खिडकीचं काम चौथीच्या माणसाने करायचं नाही, आणि दाखला मागणाऱ्याला कुठे भरलं असं विचारायचं नाही. अध्यक्षबाईंनी हे सगळं एका सुरात वाचलं आणि पाणी प्यायल्या.

बाहेर तो तिच्यामागून आला. पाय ओढत. ती थांबली, कारण पळून गेली असं तिला स्वतःलाच म्हणायचं नव्हतं. आता भांडेल, असं तिला वाटलं. भांडावं, म्हणून ती तयारच होती; पंपाचं, तारेच्या तुकड्याचं, सुपरवायझरचं, सगळं तोंडाशी होतं. एक शब्द चुकीचा बोलला असता तर तिने त्या मजल्यावर आकाशपाताळ एक केलं असतं.

"वकील म्हणाले होते, परिस्थितीनुसार म्हणा," तो म्हणाला. "सगळ्याला. पण तू आगीचं विचारलंस."

"म्हणूनच विचारलं."

त्याने मान हलवली. "केंद्र राहायचं नाही माझ्याकडे आता," तो म्हणाला, आणि टोपी काखेत धरून लिफ्टकडे बघत राहिला. राग नव्हता त्याच्या आवाजात. तिने कान देऊन शोधला, जरासासुद्धा नव्हता. त्याला राग का येत नाही? जन्मभर याच्यासाठी हिने हळू बोलायचं, याचं सगळं पोटात घालायचं, आणि आज एकदाच, फक्त एकदाच हिने याच्या वर्मावर बोट ठेवलं, तर हा चिडायलासुद्धा तयार नाही. म्हणजे चांगला तोच. इथेही तोच. ती लिफ्टची वाट न बघता जिन्याने निघाली, दोन मजले भराभर उतरली, आणि वरून "ताई" अशी हाक आली तेव्हा तिला उलट आणखी जोर आला.

रस्त्यावर आली तोच फोन वाजला. आई. सकाळपासून देवळात बसावं तशी फोनजवळ बसली असणार. "झालं?" तिने विचारलं.

"झालं. दुकान राहतंय."

मागून गाड्या जात होत्या, म्हणून तिने दुसऱ्या कानावर हात ठेवला.

"आणि त्याचं?" आईने विचारलं. "त्याचं काय झालं?"

"खरं बोलला तो," ती ओरडली, इतक्या जोरात की बसथांब्यावरची दोन माणसं वळून बघायला लागली. "दुसरं काय होणार त्याचं."